न पिणाऱ्यांचं टेबल

दारू न पिणारा माणूस क्लबात गेला की त्याला सगळ्यात आधी तब्येत विचारतात. "काय वकीलसाहेब, बरं नाही वाटत?" मी बरा आहे म्हटलं की, "मग घ्या की!" जणू देवानं माणसाला तब्येत दिली ती एवढ्यासाठीच. तरीही घेतलं नाही, तर पुढचा प्रश्न सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात येतो : "घरून मनाई आहे वाटतं?" या एका प्रश्नामुळे माझी बायको सुभद्रा, जिनं क्लबाचं फाटकसुद्धा कधी ओलांडलं नव्हतं, अकोल्याच्या निम्म्या कोर्टात जहांबाज बाई म्हणून प्रसिद्ध झाली होती.

मी पीत नव्हतो याचं कारण अगदी साधं होतं. मला ती आवडत नव्हती. पण हे कारण कोणी धरतच नसे. धर्म, नवस, यकृत, सासरा, यांतलं काहीही चाललं असतं. नावड चालत नव्हती. मग बेअरा माझ्यासाठी कुठून तरी गोळीच्या सोड्याची एक कोमट बाटली काढून आणी आणि अशा चेहऱ्यानं माझ्या हातात देई, की शेजारचा माणूस जरा लांब सरकून बसे.

ते दिवस वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला असतानाचे. नागपूरचं नवं मंत्रिमंडळ दारूबंदीची भाषा बोलू लागलं होतं. आमच्या गावात कापसाचे अडत्ये नत्थुजी यांनी भर सभेत दारू न पिण्याची शपथ घेतली होती. ते आधीही पीत नव्हतेच, त्यामुळे त्यांना शपथ फार सोपी गेली. त्यांच्यामागे खादीतली पाच-पंचवीस माणसं होती. पण क्लबात राज्य होतं ते डिस्ट्रिक्ट जज्ज पेंबर्टन साहेबांचं. साहेब रोज संध्याकाळी व्हरांड्यात पिवळसर ग्लास हातात धरून उभे राहत आणि त्यांच्याभोवती सगळं कोर्ट आपापले ग्लास धरून उभं राही. त्यात सब-जज्ज रामराव आघाडीवर. रामरावांच्या घरी चहासुद्धा पाहुणा आल्याशिवाय होत नसे. त्यांनी व्हिस्की आत्मसात केली ती खात्याची परीक्षा दिल्यासारखी : डोळे मिटून, नाक आवळून आणि एकदाची संपली म्हणून सुटकेचा श्वास टाकून.

मार्चात साहेब सेवानिवृत्त होऊन विलायतेला जाणार होते. निरोपाच्या पार्टीसाठी क्लबाची सभा भरली. रावसाहेब, रायबहादूर, शपथवाले, सगळ्यांना बोलवायचं ठरलं. कुठल्या जातीची व्हिस्की मागवावी यावर बराच ऊहापोह झाला. तो संपता संपेना तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, "न पिणारे हेही पाहुणेच आहेत. त्यांच्यासाठीही काही विचार व्हावा."

सभा अवाक झाली. मी सगळ्यांना धोतर नेसून टेनिस खेळायला सांगितलं असतं तरी एवढी शांतता पसरली नसती. मग रामराव म्हणाले, "उत्तम कल्पना आहे चंद्रभानजी. तुम्हीच करा."

मी आनंदानं होकार दिला. खरं सांगायचं तर त्यात थोडा स्वार्थही होता. सहायक सरकारी वकिलाची जागा रिकामी होती आणि जज्जसाहेब जाता जाता ज्याचं नाव सुचवतील त्याला ती मिळणार, असं बाररूममध्ये सगळे म्हणत. माझं टेबल साहेबांच्या नजरेत भरलं, तर नाव आठवायला त्यांना त्रास पडणार नव्हता.

जठारपेठेतल्या घरी आल्यावर मी सुभद्रेला सगळं सांगितलं.

"कावून पण?" ती म्हणाली. "ज्याले प्याचं नाई त्याले पानी द्या."

"अगं, पाणी म्हणजे पेय नव्हे."

"मंग काय हाय?"

मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो आणि तिथेच चुकलो. ओट्यावर बसलेला माणूस म्हणजे सल्ल्यासाठी उघडलेलं दुकान. भाजीची टोपली डोक्यावर घेऊन माळ्याची पार्बताबाई चालली होती, ती थांबली. "आंबील द्या न बाप्पा, जवारीची. पोट थंड राह्यते. साहेबालेबी द्या, त्याचं तोंड पाहा कसं लाल होऊन राह्यलं." जरीच्या फेट्यातले रायबहादूर हातात आंबिलीचा वाडगा घेऊन उभे आहेत, हे चित्र मी मनातून पुसेपर्यंत शेजारचे उत्तमराव येऊन टेकले.

उत्तमराव हे निवृत्त नायब तहसीलदार. नोकरीतून ते निवृत्त झाले होते, हुकूम सोडण्यातून नव्हे. "नीरा," ते म्हणाले. "दुसरं काही नाही. शुद्ध, देशी, पौष्टिक. शपथवाले खूश, सरकार खूश. उद्या अबकारी खात्यात जा आणि माझं नाव सांगा."

मी गेलो. त्यांचं नाव सांगितलं. त्याचा काहीही उपयोग झाला नाही.

अबकारी इन्स्पेक्टर ओमप्रकाशजी जबलपूरकडचे. मराठी बोलत, पण मधूनमधून दम लागल्यासारखे हिंदीत उतरत. "नीरा?" त्यांनी चष्मा काढला. "कशासाठी?"

"क्लबात द्यायची आहे. न पिणाऱ्यांना."

"क्लबाकडे परवाना आहे ना? मग विलायती द्या, खुशाल द्या. आमची काही हरकत नाही."

"पण मला दारू द्यायची नाही."

"वही तो अडचण आहे, वकीलसाहब. दारू द्यायची असती तर सगळा बंदोबस्त तयार आहे. दारू द्यायची नाही, याचा परवाना आमच्याकडे नाही."

त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. रस काढायला शिंदीच्या झाडाला वाकस लागला की ते झाड खात्याचं. सकाळी जी नीरा, तीच ऊन चढलं की शिंदी. म्हणजे पार्टी संध्याकाळी असेल, तर ती दारूची पार्टी झाली. "हां, पार्टी पहाटे ठेवता आली तर बघा," ते म्हणाले. पेंबर्टन साहेबांना निरोप द्यायला सगळ्या अकोल्यानं कोंबडा आरवताना सूट घालून जमावं, हे मला सुचवता येण्यासारखं नव्हतं.

उत्तमराव खचले नाहीत. त्यांनी तरुणपणी एका गोऱ्या साहेबाबरोबर तंबूत दौरे केले होते आणि तिथे म्हणे जिंजर बिअर बनवायला ते शिकले होते. "नावात बिअर आहे, पोटात नाही," त्यांनी मला बजावलं. "आलं, साखर, लिंबू आणि पाववाल्याकडचं थोडं खमीर. बाटलीत भरा, बूच घट्ट बसवा, ठेवून द्या. पिणाऱ्याला वाटतं आपण पितोय, न पिणाऱ्याला वाटतं आपण पीत नाही. दोघांचाही मान राहतो." हा मान राहण्याचा मुद्दा मला फार पटला.

बाटल्या हव्या होत्या. क्लबाच्या मागे रिकाम्या बाटल्यांचा ढीग होता. मी एक टांगा केला आणि भर दिवसा, विलायती दारूच्या रिकाम्या बाटल्यांच्या राशीत बसून, जठारपेठेतून घरी आलो. टांग्याच्या प्रत्येक हिसक्याला त्या खणखणत होत्या. लोक दुकानांतून बाहेर आले. एका वळणावर नत्थुजी उभे होते. मी काही बोलणार तोच त्यांनी हात जोडले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "वकीलसाहेब, मी काही पाह्यलं नाई. पन पोराबाळाइचा विचार करा." आम्हाला तेव्हा मूलबाळ नव्हतं. त्यामुळे तर मला जास्तच लागलं.

सुभद्रेनं त्या बाटल्या स्वयंपाकघरात येऊ दिल्या नाहीत. मग पेय तयार झाल्यावर भरलेल्या बाटल्या माझ्या बाहेरच्या खोलीत, कायद्याच्या पुस्तकांच्या कपाटाखाली मांडल्या. मार्चातलं वऱ्हाडी ऊन कौलांतून खाली उतरत होतं. उत्तमराव रोज येत, बाटलीला कान लावत आणि डॉक्टरसारखे म्हणत, "चाललंय, चाललंय."

त्याच आठवड्यात वरूडहून माझे सासरे खुशालराव आले. त्यांची संत्र्यांची बाग होती, आणि लेकीच्या घरी येताना ते बैलगाडी भरेल एवढी संत्री आणीत. जेवण झाल्यावर ते माझ्या खोलीतल्या गादीवर एका हातात एक आणि दुसऱ्या हातात एक अशी संत्री घेऊन कुठलं आधी सोलावं या विचारात आडवे झाले होते. मी पक्षकाराशी बोलत होतो.

पहिली बाटली फुटली तेव्हा पक्षकार खिडकीतून गेला. दार उघडं होतं, तरी खिडकीतून गेला. दुसरीचं बूच कपाटाच्या काचेतून आरपार जाऊन पीनल कोडावर आदळलं. मग तिसरी, चौथी, आणि पुढच्या एकत्रच. मी टेबलाखाली होतो. खुशालराव गादीखाली होते. सुभद्रा माजघरातून ओरडत होती, "बाबा! बाबा! जिते हाय का?" गादीखालून आवाज आला, "मी हाव! जवाईबापूचं मले मालूम नाई!"

त्या काळात कुठे ना कुठे बाँबच्या बातम्या येत असत. वकिलाच्या घरात धमाके झाले, ही बातमी जठारपेठेतून कोतवालीपर्यंत इतकी झरझर कशी गेली हे मला आजही कळलेलं नाही. धूर निघायचा राहिला होता एवढंच. ठाणेदार शिपाई घेऊन आले. त्यांनी भिंतीआडून डोकं काढलं तेव्हा खुशालराव नुकतेच गादीखालून निघून उभे राहिले होते. संत्री त्यांनी सोडली नव्हती.

"हातातलं खाली टाका!" ठाणेदार गरजले.

"संत्रं हाय, साहेब."

"टाका म्हणतो ना! नाही, नाही, टाकू नका! हळूच खाली ठेवा!"

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कधी संत्रं इतक्या सन्मानानं खाली ठेवलं नसेल. मी टेबलाखालून बाहेर येऊन, अंगावर आल्याचा वास आणि डोक्यात काचा अशा स्थितीत, कायद्याच्या भाषेत खुलासा करू लागलो. पण 'बिअर' हा शब्द ऐकल्यावर ठाणेदारांनी पुढचं काही ऐकलं नाही. वाचलेल्या बाटल्या ओल्या पोत्यांत गुंडाळून, शिपायांनी तान्ह्या मुलासारख्या छातीशी धरून कोतवालीत नेल्या. मागून मी. आणि माझ्या मागून सगळी जठारपेठ. वाटेत पार्बताबाईनं टोपली खाली ठेवून मला विचारलं, "आंबील केली असती तं काय गेलं असतं?"

कोतवालीत एक बाटली ठाणेदारांच्या टेबलावर फुटली. त्यांच्या मिशीवरून फेस ओघळत असताना त्यांनी अबकारी खात्याला बोलावणं धाडलं. ओमप्रकाशजी आले, त्यांनी नळ्या काढल्या, हुंगलं, तपासलं, पुन्हा तपासलं. त्यांचा चेहरा हळूहळू दुःखी होत गेला.

"काय आहे?" ठाणेदारांनी विचारलं.

"आहे थोडी. इतकी थोडी की दारू म्हणता येत नाही. पण इतकी थोडी पण नाही की दारू नाही म्हणता येईल." त्यांनी माझ्याकडे जखमी नजरेनं पाहिलं. "वकीलसाहब, आपण पूर्ण दारू का नाही बनवत? आम्हाला सोपं पडलं असतं."

शेवटी पंचांसमक्ष त्या बाटल्यांचा नाश करण्याचं ठरलं. तो नाश मी पाहिला नाही. पण संध्याकाळी मला घरी पोचवायला आलेले दोन शिपाई फार प्रेमळपणे वागले आणि त्यांच्या तोंडाला आल्याचा वास येत होता.

पार्टी तोंडावर आली होती. मी अंथरुणात तोंड लपवून पडलो होतो. सुभद्रा आली आणि म्हणाली, "उठा. बाबाइची संत्री सडून जातीन. कैऱ्याबी आल्या बजारात. ताक घरचं हाय. आता तुमी फक्त बरफ आना, आन त्या उत्तमराव काकाजीले घरात येऊ देऊ नका."

एवढंच केलं. संत्र्यांचा रस, त्यात चिमूटभर मीठ. गूळ-वेलदोडे घातलेलं कैरीचं पन्हं. जिरं-कोथिंबीर लावलेला मठ्ठा. क्लबाच्या हिरवळीवर पांढरी चादर घातलेल्या टेबलावर मी ती भांडी मांडली आणि बर्फाच्या लादीवर ओलं फडकं टाकून उभा राहिलो. पलीकडच्या टेबलावर विलायती बाटल्यांची फौज. नत्थुजी आणि शपथवाल्यांची कुठलीशी सभा लांबली होती, ते अजून यायचे होते. त्यामुळे माझ्या टेबलावर मी एकटाच. सगळं शहर माझ्याकडे बघून कुजबुजत होतं. जिंजर बिअरचा किस्सा माझ्या आधीच क्लबात पोचला होता.

पहिले आले ते रामराव. "बघू तरी काय केलंय," असं मोठ्यानं म्हणून त्यांनी संत्र्याचा ग्लास उचलला. प्यायले. गेले. थोड्या वेळानं पन्हं 'बघायला' आले. मग मठ्ठा बघायला. त्यांच्यामागून सरकारी वकील आले, "आज पोट जरा जड आहे" म्हणत. मग एक रायबहादूर आले, "माझ्यासाठी नाही, मित्रासाठी हवंय" म्हणत, आणि मित्राचा ग्लास तिथेच उभ्यानं संपवून गेले. बघता बघता पिणाऱ्यांचं सगळं टेबल ओस पडलं. तिथला बेअरा व्हिस्कीवरच्या माश्या वारीत उभा राहिला आणि माझ्यासमोर सूटबूटवाल्यांची ढकलाढकली सुरू झाली. मी सुन्न होऊन ओगराळं चालवत होतो.

आणि मग गर्दी दुभंगली. पेंबर्टन साहेब येत होते.

साहेबांनी आपला नेहमीचा पिवळसर ग्लास माझ्या टेबलावर ठेवला, संत्र्याचा रस घेतला आणि एका दमात संपवला. डोळे मिटून क्षणभर उभे राहिले. मी घाबरलो. इंग्रजीत म्हणालो, "साहेब, माफ करा, यात व्हिस्की नाही."

"माझ्याही ग्लासात नाही," साहेब म्हणाले. "कधीच नव्हती. थंड चहा आहे. माझा बटलर बंगल्यावरून आणतो."

आजूबाजूचे सगळे ग्लास हवेतच थांबले.

"डॉक्टरांनी अकोल्याला येण्याआधीच बंद केली होती," साहेब पुढे म्हणाले. "पण मी आलो त्या संध्याकाळी तुम्ही सगळे माझ्या स्वागताला ग्लास घेऊन उभे होतात. मला वाटलं, इथली रीतच आहे. पाहुण्यानं एकट्यानं वेगळं राहणं बरं दिसत नाही."

साहेब पितात असं गृहीत धरून क्लबानं ग्लास उचलले होते. क्लब पितो असं पाहून साहेबांनी ग्लास उचलला होता. आणि इतकी वर्षं रोज संध्याकाळी सगळे एकमेकांवर उपकार करत उभे होते.

रामरावांचा चेहरा पांढरा फटक पडला. त्यांनी हातातलं पन्हं टेबलावर ठेवलं. ते मराठीत म्हणाले, "अहो साहेब, मी तुमच्यासाठी शिकलो हो! घरी तुळशीवृंदावनासमोर माफी मागून शिकलो!"

"काय म्हणतात हे?" साहेबांनी मला विचारलं.

"त्यांना पन्हं फार आवडलं," मी भाषांतर केलं.

साहेबांनी पुन्हा ग्लास पुढे केला. हीच ती घडी, असं वाटून मी धीर केला आणि सहायक सरकारी वकिलाच्या जागेबद्दल दबकत विचारलं. साहेबांना नवल वाटलं. "तुमचं नाव तर मी गेल्या महिन्यातच पाठवलं. तुम्हाला कोणी कळवलं नाही?"

गेल्या महिन्यात. म्हणजे नीरेच्या आधी, टांग्याच्या आधी, ठाणेदारांच्या मिशीच्या आधी.

याच वेळी नत्थुजी आपली खादीधारी मंडळी घेऊन हजर झाले. उकाड्यातून चालत आले होते, घसे कोरडे पडले होते. मी ओगराळं घातलं, ते तळाला खडखडलं. संत्रं संपलं होतं, पन्हं संपलं होतं, मठ्ठ्याच्या भांड्यात कोथिंबिरीची दोन पानं चिकटून राहिली होती. पिणाऱ्यांनी न पिणाऱ्यांसाठी थेंब ठेवला नव्हता. बेअऱ्यानं नत्थुजींच्या हातात कोमट सोड्याची बाटली दिली. एक माझ्याही हातात दिली.

"वकीलसाहेब," नत्थुजी कडाडले, "पेनारे लोकं आमच्या टेबलावर डाका घालून राह्यले, आन तुमी वाढून राह्यले?"

मला वाटलं होतं निदान पिणारे तरी माझ्यावर खूश होतील. पण दुसऱ्या दिवशी क्लबाची तातडीची सभा भरली आणि तीत सगळ्यांनी मलाच धारेवर धरलं. मी टेबल मांडलं नसतं तर साहेब बोलले नसते. साहेब बोलले नसते तर इतकी वर्षं आपण कशासाठी प्यालो हे कोणाला कळलं नसतं. रामराव तर माझ्याशी बोलतच नव्हते. त्यात एक नवं संकट उभं राहिलं. नवे जज्ज येत होते, आणि ते घेतात की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. कोणी म्हणे घेतात, कोणी म्हणे कट्टर आहेत. मग दोन्ही टेबलं मांडायची आणि साहेबांनी हात लावेपर्यंत कोणी काहीही उचलायचं नाही, असं एकमतानं ठरलं.

नवे साहेब आले. गोरे नव्हेत, हिंदी गृहस्थ, शांत, हसतमुख. हिरवळीवर एकीकडे बाटल्या, एकीकडे मडकी आणि मध्ये सगळं अकोलं रिकाम्या हातानं उभं. ऊन उतरलं तरी उकाडा हटत नव्हता. कोणाचा घसा ओला नव्हता. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळ्यांचे डोळे त्यांच्या बोटांवर. शेवटी मला पुढे ढकलण्यात आलं.

"साहेब, आपण काय घ्याल?" मी विचारलं.

"छे छे, माझं काही विशेष नाही," साहेब हसून म्हणाले. "तुम्ही मंडळी नेहमी जे घेता तेच मलाही द्या. काय घेता आपण?"

मी सरकारी वकिलांकडे पाहिलं, त्यांनी रायबहादूरांकडे पाहिलं, रायबहादूरांनी आकाशाकडे पाहिलं. आपल्याला काय आवडतं, हा प्रश्न इतक्या वर्षांत त्या क्लबात पहिल्यांदाच विचारला जात होता. मग रामराव दोन पावलं पुढे आले आणि कमरेत वाकून म्हणाले,

"साहेब, आम्ही आपलीच वाट पाहत होतो."